रॅम्पचा दिवस

मिनीबसमधला मागचा बाक काढायला जतीनला दरवर्षी वीस मिनिटं लागत. ह्या वर्षी पाऊण तास झाला तरी शेवटचा नट हलत नव्हता. वर्षभर त्या बाकावर तिघं बसत, गर्दीच्या वेळी पाच. कागदोपत्री मात्र तिथे बाक नव्हताच, व्हीलचेअरची जागा होती. डहाणू स्टेशन ते तलासरी हे परमिट चुरींच्या घरात आलं, ते त्या जागेच्या आणि मागच्या दाराला लावलेल्या लोखंडी रॅम्पच्या जोरावर. आरटीओच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या दुपारी बाक निघायचा आणि तपासणी झाली की त्याच संध्याकाळी परत बसायचा. आशागडच्या ह्या घरात त्याला रॅम्पचा दिवस म्हणत, कोणी एकादशी म्हणावं तसं.

व्हीलचेअरमध्ये बसायला बाहेरून माणूस आणावं लागत नव्हतं. जतीनच्या बापाची, अमृतची, धाकटी बहीण बायजा दोन वर्षांची असताना तिचे पाय पोलिओने गेले होते, आणि आता ती एकोणपन्नास वर्षांची होती.

"उद्या अकराच्या आत मला तलासरीला हजर व्हायचंय," बायजा ओटीवरून म्हणाली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

अमृत तिच्याशेजारी चिकू निवडत बसला होता. त्याने एक चिकू उगाच दोनदा चाचपला आणि टोपलीत टाकला.

"आत्या, उद्या तपासणी आहे," गाडीच्या आतून जतीनचा आवाज आला.

"माहितीये. मलाच तर तपासायचंय."

तिच्या मांडीवर पत्र होतं. तलासरीला मुलींचं वसतिगृह होतं, तिथे शिवण शिकवायला बाई हवी होती. वर्षभराचा करार. तीस वर्षं घरी बसून बायजाने अर्ध्या तालुक्याचे शाळेचे गणवेश शिवले होते, त्यामुळे मुलाखत नावापुरतीच झाली. पत्रात एक ओळ मात्र जाड अक्षरांत होती: दिलेल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत हजर न राहिल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. तो दिवस उद्याचा होता.

"उद्या मी कसंही करून सोडलं असतं," जतीन पाना घेऊन दारात येऊन बसला. छत्तीसचा असून आज तो पन्नाशीचा दिसत होता. "पण रोजचं काय? रॅम्प खाली घ्यायला चार मिनिटं, वर घ्यायला तीन. शिवाय दोन माणसं लागतात. सात वीसची गाडी इथे येते तेव्हाच उभी भरलेली असते. कंपनीत दहा मिनिटं उशीर झाला की त्यांचा अर्धा दिवस कापतात. लोक शिव्या देतील ना."

"तुला देतील."

"मला नाही. तुला देतील. ते मला ऐकवणार नाही."

त्याचं हे खरं होतं, म्हणूनच बायजाला जास्त राग आला. "आणि संध्याकाळी बाक परत बसवशील ते?"

"पाच माणसं बसतात त्यावर."

"परमिटवर पाच माणसं लिहिलीयत की मी?"

जतीनने अमृतकडे पाहिलं. अमृत म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ दे. मग बघू." जतीनची आई गेल्यापासून घरातल्या प्रत्येक भांडणात अमृतचं एवढंच वाक्य उरलं होतं. लग्नाचं, जमिनीचं, वाढवण बंदराविरुद्धच्या मोर्चाला जायचं की नाही ह्याचं, कशाचंही भांडण असो, तो दिवस जाऊ द्यायचा. आणि दिवस काय, जातातच.

"मी उद्या आलेच नाही तर?" बायजाने विचारलं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो बंद झाला. जतीनची बायको मयूरी पदराला हात पुसत ओटीवर आली. "असं कसं म्हणता आत्या? परमिट गेलं तर घरात काय करायचं सगळ्यांनी? ह्या वर्षी महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधी सगळ्या गाड्या धरतायत, व्हिडिओ काढतात म्हणे."

"बघ, मयूरीसुद्धा तेच म्हणते," जतीन म्हणाला.

बायजाने पत्राची घडी घातली. तिला भांडायचा कंटाळा आला होता. जिंकायचं असेल तर एक वाक्य तिच्याकडे होतं, पण ते ह्या तिघांपुढे बोलवेना. रॅम्प लागल्यापासून सात वर्षांत ती सात वेळा त्या बसमध्ये चढली होती. दारापाशी फोटो, आत फोटो, हुकाला बांधलेल्या खुर्चीचा फोटो, की परत खाली. तिला घेऊन ती बस एकदाही हलली नव्हती.

"येईन," ती म्हणाली. "किती वाजता?"

"गाडी मी पहाटेच रांगेत लावतो. तू आणि पप्पा दरवर्षीसारखे साडेसातला रिक्षाने निघा," जतीन म्हणाला आणि पुन्हा नटाशी झटू लागला.

*

फोटोची साडी पोपटी होती. अंधाऱ्या गाडीतही उठून दिसते म्हणून तीच. मयूरी निऱ्या घालून देत होती आणि बायजा पलंगाच्या कडेला हात टेकून स्वतःला उचलून धरत होती. ह्या कामात दोघी इतक्या मुरल्या होत्या की बोलावं लागत नसे.

काल आपण तसं का बोललो ते मयूरीला रात्रीपासून टोचत होतं. चारचौघांत नवऱ्याच्या बाजूने बोलायची तिला सवयच लागली होती. आत्या तलासरीला गेली तर दुपारचा स्वयंपाक आपल्या गळ्यात पडेल, हेही मनात होतंच. दहा वर्षं ह्या बाईने बसल्या जागेवरून घर चालवलं होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मयूरीलाही वाटलं नव्हतं, ते पत्र येईपर्यंत.

"आत्या," ती पिन लावता लावता म्हणाली, "तपासणी झाली की उतरू नका."

"म्हणजे?"

"बसून राहा. तुम्हाला उतरवायला दोन माणसं लागतात. विनोदला मी सांगितलंय, आज येऊ नको."

विनोद म्हणजे गाडीवरचा कंडक्टर. बायजा तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, जतीन आहे की. आणि दादा आहे."

"आहेत ना. पण पप्पांना तुम्हाला स्वतःच्या हाताने उतरवावं लागेल. तुमच्या तोंडाकडे बघत." मयूरीने खुर्चीच्या पाठीमागच्या पिशवीत डबा ठेवला, पाण्याची बाटली ठेवली आणि कालचं पत्र प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं. "कैरीचं लोणचं वेगळं बांधलंय. गळेल नाहीतर."

"जतीन तुला सोडेल का?"

"रागवेल दोन दिवस. मला आता त्याचीही सवय आहे."

*

चारोटीच्या अलीकडे, हायवेला लागून एका मोकळ्या मैदानात तपासणी होती. तीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि नऊ वाजेपर्यंत पत्रे तापले होते.

ह्या रांगेची एक रीत होती. आग विझवायचा सिलेंडर मुकेशभाईचा, प्रथमोपचाराची पेटी चुरींची, मागचे लाल रिफ्लेक्टर उधव्याच्या बाबल्याचे. एकाची गाडी पास झाली की सामान पुढच्या गाडीत चढायचं. खुर्ची बांधायचे चार पट्टेही मुकेशभाईचे. चुरींनी पट्टे कधी घेतलेच नव्हते. हुक वेल्डिंग करून घेतले होते, ते फोटोत दिसत. पट्टे वर्षातून दहा मिनिटं लागत, आणि दहा मिनिटांसाठी मुकेशभाई कधी नाही म्हणाला नव्हता.

धुराचं पूर्वी बरं होतं, जतीनला वाटलं. पीयूसीचा कागद टपरीवरून घरी यायचा, गाडी पाहिल्याशिवायसुद्धा. आता सायलेन्सरमध्ये नळी घालतात, नंबर प्लेटसकट शूटिंग करतात. काल बाक काढून झाल्यावर त्याने हायवेला नेऊन गाडी अर्धा तास ताणून पळवली होती, काजळी निघून जावी म्हणून. मशीनचा आकडा आला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. पास होता.

तपासायला ह्या वर्षी नव्या मॅडम होत्या. तिशीच्या असतील, डोक्याला ओढणी, हातात टॅब, आवाज बसलेला. ब्रेक पाहिले, स्पीड गव्हर्नर पाहिला, संकटकाळची खिडकी स्वतः ढकलून पाहिली. मग त्या मागे आल्या.

"रॅम्प."

जतीन आणि अमृतने रॅम्प खाली घेतला. बायजाची खुर्ची वर चढवली, मुकेशभाईच्या पट्ट्यांनी चारही हुकांना बांधली. मॅडमनी पट्टा ओढून पाहिला. मग टॅबवर बोट फिरवत त्या थांबल्या.

"मागच्या फोटोंतही ह्याच आहेत."

अमृत पुढे आला. इतक्या वर्षांत कोणी मागचा फोटो उघडून पाहिला नव्हता.

"हो, माझी बहीण आहे," तो म्हणाला.

"ते ठीक आहे. मला ह्यांच्याशी बोलायचंय." मॅडम बायजाच्या समोर वाकल्या. "ह्या वर्षीपासून प्रवाशाचं म्हणणं लिहून घ्यायचंय. नुसता रॅम्प असून चालत नाही. तुम्ही ह्या गाडीने नेहमी जाता का?"

बाहेर कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता. जतीन रॅम्पची साखळी हातात घेऊन उभा होता. बायजाने आधी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो तिच्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या गाड्या करायचा. मग तिने भावाकडे पाहिलं. अमृतने मान खाली घातली. चौथीपर्यंत ह्याच भावाने तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं होतं. पाचवीची शाळा लांब होती, तेव्हा तो म्हणाला होता, ह्या वर्षी जाऊ दे, मग बघू.

"जाते," बायजा म्हणाली. "रोज."

"कुठे?"

"तलासरीला. मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवते."

"किती वाजता?"

"सात वीसला आशागडच्या फाट्यावर. संध्याकाळी साडेपाचला परत."

"गाडी थांबते? कुरकुर नाही करत कोणी?"

"लोक करतात थोडी. गाडीवाले घरचेच आहेत, ते नाही करत."

मॅडमनी सगळं लिहिलं आणि टॅब पुढे केला. बायजाने बोटाने सही केली. "बरं वाटलं," मॅडम सरळ होत म्हणाल्या. "आज सकाळपासून बारा रॅम्प पाहिले. सगळे फोटोपुरते. एकाचं तर बिजागरच गंजलेलं." त्यांनी शिक्का मारला आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

अमृतला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ती लाज इतकी स्पष्ट होती की त्याला तिथेच खाली बसावंसं वाटलं. बहिणीने खोटं बोलून त्याचं घर वाचवलं होतं, आणि त्या खोट्यात तिने स्वतःला हवं ते सगळं वेळेसकट सांगून टाकलं होतं.

"जतीनभाई, पट्टा सोडा ना जल्दी," मुकेशभाईचा माणूस दारात आला. "आमचा नंबर लागला."

जतीनने भराभर पट्टे सोडून दिले, सिलेंडर दिला. घाम पुसत तो हसला. "वाचवलंस आत्या. संध्याकाळी तुला आइस्क्रीम. पप्पा, धरा तिकडून, उतरवू. साडेदहाची गाडी आहे डहाणूहून."

बायजाने खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले.

"मी उतरत नाही. मला तलासरीला सोड. पावणेदहा झालेत."

"आत्या, आता काय लहान मुलासारखं..."

"मी सरकारी बाईला सांगितलंय, रोज जाते म्हणून. सही केलीय. मला खोटं पाडू नकोस, जतीन."

"ते सांगायचंच होतं. सगळेच सांगतात."

"सगळे सांगत असतील. मी सात वर्षं फोटोतच राहिले, बोलले आजच. जे बोलले ते मला खरं करायचंय."

"साडेदहाच्या गाडीला पन्नास माणसं स्टेशनवर उभी असतील! त्यांना काय सांगू?" जतीनचा आवाज चढला, मग मॅडम जवळच आहेत हे आठवून तो एकदम खाली आला. "तुला वाटतं मला कळत नाही? मी पहाटे चारला उठतो. ही गाडी धूर ओकते की नाही, ब्रेक लागतो की नाही, पोरं लटकतात की नाही, सगळं मलाच बघायचं. आता त्यात तू. एक माणूस किती बघणार? पप्पा, तुम्ही तरी सांगा. धरा तिकडून."

अमृत खुर्चीजवळ आला. त्याने मागच्या चाकाची कड धरली. सात वर्षांच्या सवयीने हात बरोबर जागेवर गेले. वाकताना त्याला खुर्चीमागची पिशवी दिसली. डबा, पाण्याची बाटली, प्लास्टिकमधलं पत्र. घरातून निघताना कोणीतरी ही पिशवी भरली होती, आणि ते कोण हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याने वर पाहिलं. बायजा त्याच्याकडेच बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. ती फक्त वाट बघत होती, दादा काय करतो ह्याची.

त्याने चाक सोडलं आणि शेजारच्या सीटवर बसला.

"पप्पा?"

"मी थकलो, जतीन."

"अहो, उतरवायचंय फक्त. चार फूट."

"तेवढंच नाही जमत आता मला. वर चढवायला सांग, तलासरीला न्यायला सांग. उतरवायला सांगू नकोस."

एकट्याने खुर्ची उतरवता येणार नव्हती, तशी उतरवली तर आत्या पडली असती. मागच्या गाडीने हॉर्न दिला. जतीनने डहाणूला फोन लावला, कोणाला तरी म्हणाला, "साडेदहाची आज नाही. अरे, नाही म्हटलं ना, गाडीत पॅसेंजर आहे." मग बापाच्या मदतीने रॅम्प वर ओढला, दार लावलं आणि पुढे जाऊन बसला.

गाडी मैदानातून वर हायवेला चढली. पहिल्याच गिअरला बायजाची खुर्ची मागे सरकली. ब्रेक लावलेले होते, तरी गुळगुळीत पत्र्यावरून ती घसरत मागच्या दाराकडे निघाली. बायजाने खिडकीची दांडी पकडायला हात टाकला, तो पोचला नाही.

"जतीन!" अमृत ओरडला आणि सीटवरून खाली गुडघ्यांवर पडला. त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय समोरच्या सीटच्या लोखंडाला लावला. खुर्ची थांबली.

"काय झालं?" पुढून जतीनचा आवाज.

"पट्टे," अमृत म्हणाला. "पट्टे मुकेशकडे आहेत."

गाडीचा वेग एकदम कमी झाला. आरशात जतीनचं तोंड दिसत होतं, पांढरं पडलेलं. चार हुक जमिनीला चकचकीत होते, त्यांना कधी ताण बसलाच नव्हता. ह्या गाडीत खुर्ची बांधावी लागते ती गाडी चालते म्हणून, हे सात वर्षांत तिघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बायजाच्याही नाही.

"परत जाऊ?" जतीनने विचारलं.

"मुकेशची तपासणी चालू असेल," अमृत म्हणाला. "अकरा वाजतील. तू सावकाश चल. मी धरतो."

"एवढ्या लांब?"

"चल म्हटलं ना."

मग जतीन चाळिसाच्या वर गेला नाही. ट्रक, कंटेनर, गुजरातच्या गाड्या भोंगे वाजवत बाजूने जात होत्या. विवळवेढ्याचा फाटा आला, महालक्ष्मीचा डोंगर उजवीकडे सरकत गेला. एरवी जतीन इथे हात जोडतो, आज दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. अमृत पत्र्यावर बसला होता, एकसष्ट वर्षांचा, पँट काळी झालेली, दोन्ही मुठी चाकावर. प्रत्येक उतारावर खुर्ची पुढे यायची, प्रत्येक चढावर मागे, आणि त्याची पाठ तिच्याबरोबर.

"दादा, दुखत असेल."

"असू दे."

थोड्या वेळाने बायजा म्हणाली, "मला राग आलाय तुमचा. आज नाही गेला तरी उद्या जाईल असं वाटत नाही."

"हं."

"तुझा जास्त. जतीनचा कमी."

"ठीक आहे," अमृत म्हणाला. त्याला काही सांगायचं होतं, पाचवीच्या शाळेबद्दल असावं, पण गाडी एका खड्ड्यात आदळली आणि ते राहून गेलं.

तलासरीला वसतिगृहाच्या फाटकासमोर गाडी थांबली तेव्हा दहा पन्नास झाले होते. आत झाडाखाली दोन मुली गणवेशाचं कापड घेऊन उभ्या होत्या. मागे जीप, रिक्षा तुंबल्या, कोणीतरी शिवी हासडली. जतीनने मागचं दार उघडलं, त्या माणसाकडे बघून हात केला, "थांब रे, पॅसेंजर उतरतोय." मग साखळी सोडता सोडता आत्याकडे न बघता म्हणाला, "साडेपाच म्हणालीस ना? पावणेसहा होतील. मुकेशकडून पट्टे आणायचेत मला. नाहीतर नवेच घेतो."

"पावणेसहा चालतील," बायजा म्हणाली.

"पप्पा, या. धरा तिकडून."

अमृत जागचा हलला नाही.

"दादा, सोड आता," बायजा वाकून म्हणाली. "आलं तलासरी. गाडी थांबलीय."

"गाडी थांबलीय ते मला कळतंय गं बाय," अमृत म्हणाला. "बोटांना कळत नाहीये."

बायजाने मग त्याची बोटं चाकावरून एकेक करून सोडवली.